चाईचं डोकं मातीत ठेवताना

मंगल, तू गेलीस आणि आपल्या मजल्यावर सगळ्यात आधी प्रश्न उभा राहिला तो तुझ्या ड्रमचा. रडारड नंतर, आधी ड्रम. चाळ रिकामी करून द्यायची आहे, बिल्डरची माणसं जिन्यात तळ ठोकून बसली आहेत, कोण कपाट विकतंय, कोण संक्रमण शिबिरातली खोली बघून नाक मुरडत परत येतंय, आणि भर गॅलरीत तुझा तो तेलाचा पत्र्याचा ड्रम. आत माती, मातीत काठी, काठीला वाळून गेलेला वेल. भंगारवाला विचारून गेला, परत विचारायला आला. तेव्हा मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा रद्दीसुद्धा न घेता गेला.

काय घाई होती गं तुला? आयुष्यभर मला म्हणत आलीस, मास्तरीण, जरा दमानं. जेवताना दमानं, बोलताना दमानं, भांडताना तर दमानंच. आणि स्वतः मात्र न्यूमोनियाचं निमित्त करून आठवडाभरात चालती झालीस. मला राग आलाय. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

परळच्या ज्या हॉस्पिटलात तू सिस्टर म्हणून उभा जन्म काढलास, तिथल्याच खाटेवर त्या दुपारी तू पडली होतीस. नाकाला नळी. तरी डोळे सलाईनच्या थेंबांवर, नव्या पोरीनं वेग बरोबर लावलाय का बघत होतीस. मला म्हणालीस, "मास्तरीण, ड्रममधली चाई काढायला झाली."

"तू बरी हो, दोघी मिळून काढू."

"नर्सला थापा मारतेस होय? ऐक. कंद काढ, सगळ्यांना खायला घाल. आणि डोकं परत ठेव."

"ठेवते की ड्रममध्ये."

"ड्रममध्ये नाही गं. डोंगरावर. ते माझं नाही. मी ते घेऊन पळाले होते."

इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो, तुझ्या घरातल्या वाटीचमच्याची मला माहिती, आणि ही गोष्ट तू मला त्या दिवशी सांगितलीस.

चाईचं मला माहीत होतं तेवढं इतकंच, की तुमच्या कर्जतच्या डोंगरात हा वेल असतो, पावसाळ्यात कोवळ्या शेंड्यांची भाजी होते आणि थंडीत वेल वाळला की जमिनीतला कंद काढतात. दरवर्षी तू गॅलरीत फतकल मारून ड्रम उकरायचीस, कंद काढायचीस आणि त्याचं वरचं टोक, जिथून वेल फुटतो ते डोकं, कापून परत मातीत ठेवायचीस. मग माती लोटायची, हातानं थापटायची, त्यावर तळवा ठेवून क्षणभर गप्प बसायचं. मी म्हणायचे, झालं का तुझं बागकाम? तू म्हणायचीस, बागकाम नाही, हा रिवाज आहे. आमच्यात कुणीही कातकरी बाई डोकं घरी नेत नाही. आपण खातो तो कंद आपला, डोकं डोंगराचं. ते नेलं तर तिथं पुढच्या वर्षी वेल फुटायचा कुठून?

आणि मग त्या खाटेवर तू सांगितलंस. तू लहान होतीस, आईबरोबर खणत होतीस, कंद अर्धा मोकळा झाला होता आणि खालून फॉरेस्टवाल्याची शिट्टी ऐकू आली. आई म्हणाली, पळ. तू कंद डोक्यासकट उपटलास, परकराच्या ओच्यात घातलास आणि धावत सुटलीस. खड्डा तसाच उघडा राहिला. घरी आल्यावर आईनं ओचा सोडला, डोकं बघितलं आणि कपाळाला हात लावून बसली. परत ठेवायला जायचं तर त्या वाटेवर त्याच वर्षी चौकी झाली. मग ते झोपडीमागं लावलं. नर्सिंग शिकायला परळला आलीस तेव्हा त्याचंच डोकं फडक्यात बांधून आणलंस. आधी होस्टेलच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात, मग आपल्या गॅलरीत.

मी माझ्या सवयीनं तुझी बाजू घेऊन तुझ्याशीच भांडले. म्हटलं, "त्यात चोरी कसली? डोंगर तुमचाच. त्यांनी तो राखीव केला हीच चोरी."

"कंद खाल्ला त्याचं नाही गं म्हणत मी. फॉरेस्टवाल्याच्या लेखी कंद ही चोरी होती. माझ्या लेखी डोकं नेलं ही चोरी." मग दम खाऊन म्हणालीस, "त्यांच्या चोरीला घाबरून मी माझी चोरी केली."

तेवढं बोलून तुला धाप लागली. सिस्टरनं मला बाहेर काढलं. आपलं भांडण तिथंच राहिलं.

तसं ते भांडण आपलं जुनंच. मी लालबागची बौद्ध बाई, आमच्या तीन पिढ्या याच चाळीत. माझे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. गावात त्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा. पलटणीत त्यांच्या हातात पाटी आली, अंगात चांगले कपडे आले, पायात बूट आले. तिथून लोखंडी पेटी घेऊन ते मुंबईत आले, गिरणीत लागले, पोरांना शाळेत घातलं. ती पेटी अजून माझ्या खाटेखाली आहे. मी तुला ती दाखवून म्हणायचे, इंग्रज आले नसते तर मी आज शेण उचलत असते. आणि तू शांतपणे चहा ओतत म्हणायचीस, "असशील. पण तुझ्यासाठी त्यांनी दार उघडलं आणि त्याच हातानं माझ्या दाराला कुंपण घातलं. तू दाराचं सांग, मी कुंपणाचं सांगते. दोन्ही खरं आहे की."

दोन्ही खरं आहे हे मला पचायचं नाही. मी इतिहासाची शिक्षिका. फळ्यावर 'इंग्रजी राजवटीचे परिणाम' असं लिहून खाली दोन रकाने आखायचे. चांगले आणि वाईट. एकदा मी घरी उत्तरपत्रिका तपासत होते आणि तू मागून वाकून बघितलंस. रेल्वे, टपाल, शिक्षण, कायद्याचं राज्य.

"आमचं कुठल्या रकान्यात?" तू विचारलंस.

"तुमचं पुस्तकात नाही."

"मग बरंय. परीक्षेला येणार नाही." आणि अशी हसलीस की पलीकडून सावंतकाकू विचारायला आल्या काय झालं म्हणून.

पण तू गोष्ट सोडणारी नव्हेस. मग कधीतरी चिंचपोकळीच्या पुलावर उभ्या होतो, खाली रूळ. तू म्हणालीस, "तुझ्या चांगल्या रकान्यातली ही रेल्वे. या रुळांखाली पूर्वी लाकडी फळ्या असायच्या ना? त्या कुठून आल्या असतील?" मी म्हटलं, "मंगे, फिरायला आलोय, तास घ्यायला नाही." तास मीच सगळ्यांचे घ्यायचे, आणि कुणी माझा घेतला की मला राग यायचा.

रे रोडला आपण हा ड्रम आणायला गेलो होतो, ते आठवतं? डालड्याच्या डब्यातून वेल बाहेर आला होता, मोठं काहीतरी हवं होतं. परत येताना लाकडाच्या वखारीपाशी तू थांबलीस. सागाचे ओंडके रचलेले होते आणि एकेकाच्या कापलेल्या तोंडावर हातोडीनं ठोकलेला सरकारी शिक्का. तू त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिलीस. ड्रम उचललेला हमाल ताटकळला, मी ताटकळले. तू म्हणालीस, "ह्याच्यावर शिक्का आहे म्हणून हे अख्खं झाड चोरीचं नाही. माझी आजी वाळक्या काटक्या आणायची, ती चोर." वखारवाला बाहेर येऊन म्हणाला, "क्या चाहिए बहनजी?" तू म्हणालीस, "कुछ नहीं भैया, पहचान का पेड है." मी टॅक्सीत बसेपर्यंत हसत होते. घरी आल्यावर हसू आलं नाही.

तुमच्या जमातीचं नावच कातावरून पडलं, खैराच्या लाकडातून कात काढणारे ते कातकरी, हेही मला तूच सांगितलंस, तेही मी पानाच्या गादीवर उभी असताना. पान चघळायला लागले तेवढ्यात म्हणालीस, "खा खा. खैर सरकारी झाले, कात काढणं सुटलं, नाव तेवढं राहिलं. तुझ्या जिभेवर लाल झालंय बघ." त्यानंतर पान खाताना मला दरवेळी तू आठवायचीस. आता तर काय, विचारूच नकोस.

जंगल गेलं, धंदा गेला, हे मला कळायचं. हे पुस्तकात मावतं. तू सांगायचीस ते वेगळं होतं. तू म्हणायचीस, जंगल गेलं त्याहून वाईट म्हणजे आम्ही बदललो. आधी खणायला अख्खी सकाळ असायची. बायका बसून, गप्पा मारत, बाजूनं माती काढत कंद मोकळा करायच्या. शिट्टी आली तशी घाई आली. घाई आली तसं डोकं ठेवायचं राहिलं. एकीनं नाही ठेवलं, मग दुसरीनं म्हटलं, मी तरी कशाला ठेवू, उद्या डोंगर आपला असेल की नाही कुणाला ठाऊक. दारूचंही तेच. आधी मोहाची घरी काढायचे, पहिली धार जमिनीला, वाडवडिलांना, मग चार माणसांत बसून. इंग्रजांनी घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि ठेकेदाराचं दुकान आणून ठेवलं. मग जो तो कोपऱ्यात, एकटा, घटाघट. तुझे बाबा तसेच गेले. तू ते सांगताना कधी रडली नाहीस. फक्त म्हणालीस, "लपून केलं की माणूस जास्त करतो. कंद असो की दारू."

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. मी म्हटलं, "आणि भुताळी ठरवून बायकांना मारायचे ते? तोही रिवाजच ना तुमचा?" मला वाटलं, आता सापडली. तू मान डोलावलीस. "माझ्या आजीच्या बहिणीला वाडीबाहेर काढलं होतं. ते बंद पडायलाच हवं, कायद्यानं पडो नाहीतर कशानं. मी कुठं म्हणते आमचं सगळं सोनं होतं? पण मास्तरीण, वाईट काढायला आलेल्या माणसानं चांगलंही उपटून न्यावं का? तेही डोक्यासकट?" मी चहात साखर कमी आहे म्हणून कटकट केली. साखर बरोबर होती.

आणखी एक गोष्ट तू टिंगलीत दडवायचीस: 'तुझ्या लहानपणी तर स्वराज्य होतं की' असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "असेल. आमच्या डोंगरावर यायला त्याला चढ लागला. कायदा तोच, खाकी तीच, टोपी तेवढी बदलली."

खाकीचं मला खरं वाटलं ते तुझी आई आली होती तेव्हा. म्हातारी पहिल्यांदाच मुंबईला आली होती. आल्या आल्या चाळीच्या अंगणातल्या झाडाखालच्या वाळक्या काड्या गोळा करून मोळी बांधून वर घेऊन आली. तुझ्याकडं गॅस, तरी. आणि दुपारी पोस्टमन आला, खाकी कपड्यांत, तुझ्या सहीचं काहीतरी घेऊन. म्हातारीनं त्याला दारात बघितलं मात्र, मोळी खाटेखाली ढकलली, वर स्वतःचं लुगडं पसरलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "काय नाय साहेब, काय नाय आणलं." पोस्टमन भांबावला. म्हणाला, "आजी, मी टपालवाला." तू पुढं होऊन सही केलीस. चाळीतल्या पोरांना ते मजेचं वाटलं, मलाही क्षणभर हसू फुटत होतं. तू दार लावून घेतलंस आणि आईला पाणी दिलंस. मग खाटेखालून मोळी काढून, काडी न् काडी तिच्यासमोर नीट रचून ठेवलीस. म्हणालीस, "ही तुझी आहे आये. कुणी नेत नाही."

हे सगळं मला तुझा ड्रम उकरताना आठवत होतं. हो, उकरला मी. तुझ्यासाठी आमच्या विहारात पुण्यानुमोदन झालं, सगळे जेवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत फतकल मारली. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून मिरच्या भाजल्याचा ठसका येत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, लोकांना वाटलं मिरचीचं. खुरपं घेतलं. आधी वाटलं ड्रम आडवा करावा, माती ओतावी, कंद उचलावा, काम खलास. बिल्डरचा मुकादमही खालून ओरडत होता, बाई, गॅलरी मोकळी करा. मग तुझा आवाज आला. दमानं. मी खुरपं टाकून हातानं माती काढायला लागले. बाजूनं. नखं काळी झाली, कंबर मोडली. कंद हाताच्या पंजासारखा फुटलेला होता, बोटं चहूकडं. एकही बोट न मोडता काढला. तू असतीस तर म्हणाली असतीस, पास.

डोकं कापून ओल्या फडक्यात बांधलं. बाकीचा कुकरला उकडला, सालं काढली, मीठ लावलं, आणि परातीत घेऊन गॅलरीभर फिरले. सावंतकाकूंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "शालू, आमच्या गावाक कणगरां असतत, तशीच चव गो. बरां लागतां. मंगल माका दरवर्षी देय." मग परातीत डोकं नाही हे बघून म्हणाल्या, "ता डोक्या माका दी. गावाक लावतंय."

"नाही काकू. ते उसनं आहे. परत द्यायचंय."

काकूंचा चेहरा पडला. पण वाळक्या वेलाला बारीक गाठी लागलेल्या होत्या, मण्यांएवढ्या. तू दरवर्षी त्या पाखरांना टाकायचीस आणि म्हणायचीस, ह्या वेलानं स्वतःहून दिलेल्या, यातूनही वेल होतो. मी काकूंच्या ओंजळीत त्या घातल्या. बघता बघता सगळा मजला हात पसरून उभा. तिसऱ्या खोलीतल्या पाटलांनी घेतल्या, जिन्याजवळच्या जाधवांच्या सुनेनं शिबिरातल्या खिडकीसाठी घेतल्या. सगळ्यांना मी तुझा नियम सांगितला. कंद खा, डोकं परत ठेवा. जाधवांची सून म्हणाली, "आणि नाही ठेवलं तर?" मी म्हटलं, "तर मंगलमावशी रात्री इंजेक्शन घेऊन येईल." मजला खदखदून हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

ड्रम मग मीच भंगारवाल्याला बोलावून दिला. त्याला हे कळेना की कालपर्यंत खेकसणारी बाई आज चहा का पाजते.

राहिला डोंगर. तुझ्या भावाची मुलगी संगीता कर्जत स्टेशनवर घ्यायला आली होती. नाक तुझं, चाल तुझी, बोलणंही तुझंच, अर्धं पोटात ठेवून. मी पिशवी छातीशी धरून तिच्यामागं चढत होते. गुडघे बोंबलत होते. ती म्हणाली, "मावशी, तो खड्डा कुठला ते आता कोण सांगणार? पण जुन्या चौकीच्या वरच्या अंगाला चाई पुष्कळ आहे. तिथं ठेवू." चौकी पडली होती. छप्पर गेलेलं, भिंतीत रान. वरच्या अंगाला मी बसले, फडकं सोडलं, डोकं हातात घेतलं, आणि खालच्या वाटेनं शिट्टी ऐकू आली.

मंगल, आता जे झालं ते तुलाच सांगते. मी मोर्च्यांत पोलिसांच्या काठीसमोर उभी राहिलेली बाई. शाळेत साहेब लोक तपासणीला आले तर त्यांना खुर्ची पुसून घ्या म्हणणारी. आणि त्या शिट्टीसरशी मी अंग चोरलं. खाकी शर्ट झाडांतून वर येताना दिसला आणि माझा हात आपोआप पदराखाली गेला. डोकं पदराखाली. उठून पळावं असं पायांना वाटलं. हे असले पाय घेऊन!

"काय आहे, मावशी, पदराखाली?" खाकीतल्या त्या मुलानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

काही नाही! तुझ्या आईचेच शब्द गं. मी डोंगराला द्यायला आले होते, घ्यायला नाही. तरी खोटं बोलले. एका शिट्टीत भीती, एका प्रश्नात खोटं. तू आयुष्यभर चहा ओतत मला जे समजावत होतीस ते मला तिथं, त्या मुलासमोर, पदराखाली हात धरून बसल्यावर कळलं. एखाद्या जमातीला एकदा नाही, तर रोज, पिढ्यान् पिढ्या असं पदराखाली हात घालायला लावलं तर माणसाचं काय होत असेल? मला रडूच आलं.

संगीता मात्र हसायला लागली. "ओ मावशी, हा आपल्याच वाडीतला. आज राखणीची पाळी ह्याची आहे." मग समजलं. या डोंगरावर आता वनहक्क कायद्यानं वाडीला सामूहिक हक्क मिळाला आहे, राखण वाडीच करते, आळीपाळीनं. वणवा लागू नये, बाहेरच्यानं झाड तोडू नये म्हणून. आणि ग्रामसभेत म्हाताऱ्या बायकांनी बसून नियम ठरवले. त्यातला एक असा की कुणीही कंद खणावा, पण डोकं ठेवून जावं. ज्यांनी घाईत रिवाज सोडला होता, त्यांनीच तो परत घेतला.

मी डोळे पुसत त्या मुलाला दामटलं, "मग खाकी कशाला घातलास रे मेल्या? जीव गेला असता माझा."

"मळत नाही, मावशी," तो म्हणाला. "शिट्टी रानडुकरांसाठी."

मी पदराखालून हात काढला आणि त्याला डोकं दाखवलं. कुणाचं ते सांगितलं. तुझं नाव ऐकून तो म्हणाला, "मुंबईची सिस्टर आत्या? माझ्या आईला तिनंच तिच्या हॉस्पिटलात सांभाळलं होतं." खड्डा करायला त्यानं कुदळ पुढं केली, पण खणला नाही. म्हणाला, तुम्ही आणलंय, तुम्हीच ठेवा.

आता मी काय म्हणणार ते तुला ठाऊक आहे. मी म्हणणार, बघ, हक्क शेवटी कायद्यानंच मिळाला की नाही? मी म्हणत नव्हते? आणि तू चहा ओतत म्हणणार, आधी नेला कुणी होता? मग मी आजोबांची पेटी काढणार, तू आजीच्या काटक्या काढणार. हे भांडण मिटलेलं नाही, मंगल, आणि मला ते मिटवायचंही नाही. नव्या बिल्डिंगीत माझ्या भिंतीपलीकडं कोण येईल देव जाणे. देव मानत नाही मी, तरी म्हणते. माझ्याशी इतकं चांगलं भांडणारं माणूस पुन्हा भेटायचं नाही. तू माझे फळ्यावरचे दोन रकाने पुसलेस आणि मला त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. हे घे, मानले.

संगीता म्हणाली, "मावशी, शेवटची एसटी निघेल, आटपा." मी म्हटलं, निघू दे. तुझ्या घरी झोपेन, पोरी. खड्डा हातानं मोठा केला. डोकं फुटवा वर करून ठेवलं. माती लोटली, थापटली, त्यावर तळवा ठेवला. खाली कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला. मी हात काढला नाही. घाई केली नाही गं, मंगल.